दैनंदिन मराठी व्यवहारातील विज्ञानमालिकांचे संदर्भ : 'शक्तिमान' या मालिकेच्या विशेष अनुषंगाने

सारांश

दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका संपते. परंतु तिच्यातील नावे, वाक्ये व हावभाव समाजाच्या बोलण्यात दीर्घकाळ टिकून राहतात. ज्यांनी ती मालिका पाहिलेली नाही अशी माणसेही त्यांचा सहज वापर करतात. प्रस्तुत लेखात 'शक्तिमान' या दूरदर्शन मालिकेतून मराठी भाषकांच्या नित्य व्यवहारात उतरलेल्या संदर्भांचे स्वरूप स्पष्ट केले आहे. असे संदर्भ कोणत्या कारणांनी रुजतात, मराठी बोलण्यात ते कोणत्या रूपात येतात आणि विज्ञानाविषयीची कोणती समजूत ते आपल्याबरोबर वाहून आणतात, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विज्ञानमालिका, सांस्कृतिक संदर्भ, दूरदर्शन, उद्धरण, वैज्ञानिक दृष्टिकोन, विज्ञानकथा.

१. प्रस्तावना

सायंकाळी वीज जाते. घरात काळोख पसरतो आणि कोपऱ्यातून कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणते, "अंधेरा कायम रहे!" सगळे हसतात, मेणबत्तीचा शोध सुरू होतो. महाराष्ट्रातील असंख्य घरांना परिचित असलेला हा प्रसंग आहे. हे वाक्य म्हणणाऱ्याला ते कोठून आले हे माहीत असतेच असे नाही. ते 'शक्तिमान' या मालिकेतील तमराज किल्विष या खलपात्राचे अभिवादनाचे वाक्य आहे. ही मालिका सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि मार्च २००५ मध्ये संपली. म्हणजे मालिकेचे आयुष्य साडेसात वर्षांचे होते. तिच्या एका वाक्याने मात्र त्यापेक्षा कितीतरी अधिक काळ मजल मारली आहे.

लोकवाङ्मयाचे अभ्यासक म्हणी व वाक्प्रचार यांचा मागोवा घेतात. पुराणकथांतून भाषेत आलेल्या 'कुंभकर्णी झोप', 'भीष्मप्रतिज्ञा', 'द्रौपदीची थाळी' यांसारख्या शब्दप्रयोगांचा अभ्यास मराठीत झालेला आहे. दूरचित्रवाणीने भाषेला दिलेल्या अशाच देणग्यांकडे मात्र करमणुकीचा विषय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ज्या प्रक्रियेने कुंभकर्ण झोपेचे विशेषण झाला, तीच प्रक्रिया येथे वेगाने व डोळ्यांदेखत घडलेली आहे. त्यामुळे तिच्या अभ्यासाला सयुक्तिक कारण आहे.

'शक्तिमान'ला विज्ञानमालिका म्हणावे काय, असा आक्षेप येथे संभवतो. या मालिकेत प्रयोगशाळा, यंत्रे व विज्ञानाच्या बळावर जग जिंकू पाहणारा शास्त्रज्ञ आहे. त्याचबरोबर योगसाधना, कुंडलिनी व पंचमहाभूते आहेत. शुद्ध विज्ञानकथेच्या व्याख्येत ती बसत नाही. तिला 'विज्ञान-अद्भुत' हे नाव अधिक शोभेल. तथापि भारतीय दूरचित्रवाणीवर विज्ञानकल्पना घराघरांत पोहोचली ती प्रामुख्याने याच मिश्र रूपात. या मिश्रणाचा परिणाम काय झाला, हाच प्रस्तुत विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. मालिकेचा संदर्भ कसा घडतो : काही पाश्चात्त्य दाखले

विज्ञानमालिकांचे संदर्भ लोकव्यवहारात उतरण्याचे ठळक दाखले ब्रिटन व अमेरिका येथे मिळतात. 'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या नायकाचे कालयान बाहेरून पोलिसांच्या निळ्या दूरध्वनी-खोक्यासारखे दिसते. मालिका सुरू झाली तेव्हा अशी खोकी ब्रिटनमधील रस्त्यांवर सर्रास दिसत. पुढे ती रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशी झाली, आणि आज त्या आकाराकडे पाहून लोकांना पोलीस आठवत नाहीत, 'टार्डिस' हे यान आठवते. या आकाराच्या व्यापारचिन्हावरून बीबीसी व लंडनचे महानगर पोलीस यांच्यात वाद झाला आणि २००२ मध्ये निर्णय बीबीसीच्या बाजूने लागला. 'टार्डिस' व 'डालेक' हे या मालिकेतील शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही समाविष्ट झाले आहेत.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली व तीन हंगामांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. तिच्या नावावर सर्वत्र उद्धृत होणारे "बीम मी अप, स्कॉटी" हे वाक्य नेमक्या याच शब्दांत मूळ मालिकेत कोठेही उच्चारलेले नाही, हे विशेष होय. लोकांनी अनेक मिळत्याजुळत्या वाक्यांतून स्वतःला सोयीचे असे एक वाक्य घडवले. याच मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा मारा केल्यामुळे अमेरिकेच्या पहिल्या अवकाश-शटलचे नियोजित 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव बदलून 'एंटरप्राइज' असे ठेवण्यात आले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी हे शटल लोकांसमोर आणले गेले तेव्हा मालिकेतील कलावंत तेथे उपस्थित होते.

या दाखल्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, संदर्भ मूळ संहितेशी प्रामाणिक राहत नाही. तो वापरणाऱ्यांच्या गरजेनुसार आकार घेतो. दुसरी अशी की, संदर्भ निव्वळ विनोदापुरता राहत नाही. तो प्रसंगी एका राष्ट्राच्या अवकाशकार्यक्रमातील नामकरणापर्यंत पोहोचतो. एखादा समाज विज्ञानाकडे कोणत्या भावनेने पाहतो, त्याची खूण अशा संदर्भात उमटलेली असते.

३. दूरदर्शनचा काळ आणि विज्ञानमालिका

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांच्या विस्तारामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. कोकणात डोंगररांगांमुळे चित्र स्थिर मिळणे कठीण जाई. कौलांवर चढून ॲन्टेना फिरवणारा एक आणि खालून "आलं, गेलं" असे ओरडून सांगणारा दुसरा, हे दृश्य रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावाड्यांवर परिचयाचे होते. ज्या घरी संच असे, तेथे शेजारपाजारची मुले जमत. एकाच वेळी, एकच कार्यक्रम, एकत्र बसून पाहिला जाई.

याच काळात दूरदर्शनवर विज्ञानकल्पनेचे काही प्रयोग झाले. 'स्टार ट्रेक'चे मूळ भाग १९८०च्या दशकात दाखवले गेले. त्याच धर्तीवरील 'स्पेस सिटी सिग्मा' ही हिंदी मालिका त्याच दशकात आली. १९८९ मध्ये आलेल्या 'इंद्रधनुष' या मुलांच्या मालिकेत संगणक व कालप्रवास यांची गोष्ट होती. १९९८ मध्ये केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही मालिका आली. तिच्यात मिलिंद सोमण या मराठी अभिनेत्याने अंतराळयोद्ध्याची भूमिका केली. २००२ मध्ये 'आर्यमान' ही अंतराळकथा दाखवली गेली. उपग्रह वाहिनीवर २००३ मध्ये आलेल्या 'करिश्मा का करिश्मा'ची नायिका एक यंत्रबालिका होती. ही मालिका 'स्मॉल वंडर' या अमेरिकन मालिकेवर आधारलेली होती.

यांपैकी बहुतेक मालिकांच्या आठवणी त्या पिढीच्या मनात आहेत. परंतु बोलण्यात त्या उतरलेल्या नाहीत. 'व्योम' हा शब्द मराठीला परका नाही, मालिकेतील नायक मराठी आहे, तिचे दृश्यरूपही त्या काळाच्या मानाने आकर्षक होते. तरी 'कॅप्टन व्योम'चे एकही वाक्य लोकांच्या जिभेवर नाही. याउलट 'शक्तिमान'ची किमान तीन वाक्ये अद्याप वापरात आहेत. केवळ लोकप्रियता हे या फरकाचे पुरेसे उत्तर होत नाही. त्या तीन वाक्यांचे व्यवहारातील कार्य पाहिल्यास उत्तर अधिक स्पष्ट होते.

४. व्यवहारात उतरलेली तीन वाक्ये

४.१ 'अंधेरा कायम रहे'

किल्विष व त्याचे अनुयायी परस्परांना या शब्दांनी अभिवादन करीत. मालिकेत त्याचा अर्थ पापाचे साम्राज्य टिकून राहो असा आहे. लोकव्यवहाराने त्याचा रूपकार्थ बाजूला ठेवून वाच्यार्थ उचलला आणि ते खंडित वीजपुरवठ्याला जोडले.

या जोडणीला महाराष्ट्रात, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यात, एक कठोर वास्तव लाभलेले होते. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये कार्यान्वित झाला. विजेचा दर व देयके यांवरील वादातून राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. नव्या कंपनीच्या हाती तो पुन्हा सुरू होण्यास २००६ साल उजाडले. मधल्या वर्षांत राज्यभर भारनियमनाचे चटके तीव्र होत गेले. समुद्रकाठी अवाढव्य वीजकेंद्र उभे आहे आणि भोवतालची गावे मात्र काळोखात आहेत, असा विरोधाभास जिल्ह्याने अनुभवला. 'शक्तिमान'चे प्रक्षेपण व दाभोळ प्रकल्पाची ही वाटचाल यांचा काळ बराचसा एकच आहे. अशा परिस्थितीत 'अंधेरा कायम रहे' हा उद्गार पोरकट नक्कल म्हणून सोडून देता येत नाही. ज्यावर आपला काही इलाज नाही अशा गैरसोयीला हसून तोंड देण्याची ती एक रीत होती. तक्रार कोणाकडे करावी हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती या वाक्याने एक काल्पनिक खलनायक दिला.

पुढे कोरोनाच्या टाळेबंदीत एप्रिल २०२० पासून दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली. त्याच वर्षी ३ जून रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकले. दापोली व मंडणगड तालुक्यांतील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. काळोख आणि हे वाक्य यांची गाठ अशा रीतीने दुसऱ्यांदा पडली.

४.२ 'सॉरी शक्तिमान'

मालिकेच्या भागाअखेरीस मुलांसाठी छोटा बोधप्रसंग असे. एखादे मूल रस्त्यात कचरा टाकते, दात न घासता झोपते, खोटे बोलते. शक्तिमान प्रकट होऊन समजावतो. मूल कान पकडून 'सॉरी शक्तिमान' म्हणते. घरोघरच्या आयांनी व प्राथमिक शाळांतील बाईंनी या प्रसंगांचा आधार घेतला. 'शक्तिमान बघतोय हं' ही धमकी 'बागुलबुवा येईल' या पारंपरिक धमकीची जागा घेऊ शकली, कारण तिच्यात भीतीबरोबर आदरही होता.

ही मुले मोठी झाल्यावर वाक्याचा सूर बदलला. कार्यालयात उशिरा पोहोचलेला सहकारी, हिशेबात चूक केलेला मित्र आता ते थट्टेने म्हणतो. क्षमा तर मागायची आहे, पण प्रसंग गंभीर होऊ द्यायचा नाही, अशा अवघड ठिकाणी ते उपयोगी पडते. मराठीत 'माफ करा' हे औपचारिक वाटते, 'चुकलं' हे उघडे वाटते. या दोहोंच्या मधली रिकामी जागा या दोन शब्दांनी भरून काढली आहे.

४.३ 'गंगाधर ही शक्तिमान है'

मालिकेतील नायक लोकांत वावरताना गंगाधर या नावाने, जाड चष्म्याचा व पुढे आलेल्या दातांचा विनोदी छायाचित्रकार म्हणून 'आज की आवाज' या वृत्तपत्रात काम करतो. तो आणि शक्तिमान एकच आहेत हे प्रेक्षकांना ठाऊक असते, पात्रांना नसते. त्यामुळे 'गंगाधर ही शक्तिमान है' हे वाक्य, सर्वांना ठाऊक असूनही कोणी न बोललेल्या गोष्टीच्या उच्चारासाठी रूढ झाले. टोपणनावाने लिहिणारा लेखक, दोन नावांनी दोन ठिकाणी वावरणारा गृहस्थ यांना ते सहज लागू पडते.

या नावाचा प्रवास रत्नागिरीच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी याच शहरात झाला. टिळक आळीतील जन्मस्थानी त्यांचे स्मारक आहे. 'बाळ गंगाधर टिळक' या नावामुळे मराठी माणसाच्या कानात 'गंगाधर' हे एका व्यासंगी शिक्षकाचे, लोकमान्यांच्या वडिलांचे नाव म्हणून रुजलेले होते. १९९७ नंतर वाढलेल्या पिढीला तेच नाव ऐकताच हसू येऊ लागले. त्याच सुमारास, २००१ पासून, अल्फा मराठी वाहिनीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका सुरू झाली. तिने या नावाला एका प्रेमळ, मिश्कील आजोबांचा चेहरा दिला. एकाच नावावर थोड्या वर्षांत असे तीन थर चढले. नावांचा सांस्कृतिक भार किती अल्पावधीत बदलू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

५. संदर्भांचे भाषिक विशेष

या तिन्ही उदाहरणांतून संदर्भ रुजण्याच्या तीन अटी निष्पन्न होतात. पहिली अट पुनरावृत्तीची : वाक्य छोटे, ठरावीक आणि ठरावीक जागीच येणारे असावे लागते. दुसरी अट सामूहिक अनुभवाची : ते अनेकांनी एकाच वेळी ऐकलेले असावे लागते, म्हणजे बोलणाऱ्याला समोरच्याचा प्रतिसाद गृहीत धरता येतो. तिसरी अट रिकाम्या जागेची : नित्य व्यवहारात असा एक प्रसंग असावा लागतो ज्यासाठी भाषेत तयार, हलकाफुलका शब्द नाही. 'कॅप्टन व्योम'ला दुसरी अट साधली. पहिली व तिसरी साधली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मराठी माणूस ही वाक्ये हिंदीतच उच्चारतो. 'अंधार कायम राहो' असे कोणी म्हणत नाही. भाषांतर केल्यास वाक्याचा अर्थ राहतो, पण ते उद्धरण आहे ही खूण पुसली जाते. मराठी बोलण्याच्या ओघात अचानक आलेले हिंदी वाक्य स्वतःच अवतरणचिन्हाचे काम करते. 'शक्तिमान' या शब्दाची स्थिती याहून भिन्न आहे. तो तत्सम विशेषण म्हणून मराठीत पूर्वीपासून होताच; त्यामुळे तो नाम म्हणून सहज सामावला. 'तू काय शक्तिमान आहेस का?' हा प्रश्न एकट्याने सर्व कामे अंगावर घेणाऱ्याला विचारला जातो आणि तेथे हिंदीचा भासही होत नाही. वाक्य परके राहिले, नाव मात्र घरचे झाले.

नायकापेक्षा खलपात्राचे वाक्य अधिक टिकते, हाही एक विशेष होय. 'मिस्टर इंडिया' या १९८७ मधील विज्ञानकल्पनेवर बेतलेल्या चित्रपटातून 'मोगॅम्बो खुश हुआ' हे वाक्य असेच उरले आहे. 'शक्तिमान'मधील डॉ. जैकाल या दुष्ट शास्त्रज्ञाचा 'पॉवर!' हा हुंकारही याच जातीचा. यामागे लोकरंगभूमीची जुनी सवय दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळ्यांत व शिमग्यात येणारा संकासुर काळा अंगरखा, उंच टोकदार टोपी व पांढरी दाढी अशा वेशात येतो. मुले त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. भीतीला खेळाचे रूप देणारी ही परंपरा ज्या भूमीत जिवंत आहे, तेथील मुलांना किल्विष अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. मालिकेने संकासुराची नक्कल केली असे येथे सुचवावयाचे नाही. प्रेक्षकांच्या मनाची मशागत आधीच झालेली होती, एवढेच म्हणता येईल.

६. संदर्भातून वाहत येणारी विज्ञानाची प्रतिमा

येथवरचे विवेचन भाषेपुरते होते. अध्यापकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न यापुढे सुरू होतो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समाविष्ट झाले. 'शक्तिमान' पाहणाऱ्या मुलाने विज्ञानाविषयी नकळत काय ग्रहण केले असेल?

मालिकेत सामर्थ्याचे दोन स्रोत आहेत. एक योगसाधनेचा व पंचमहाभूतांचा. तो नायकाकडे आहे. दुसरा प्रयोगशाळेचा, तो मुख्यतः डॉ. जैकालकडे आहे. सद्गुण साधनेच्या बाजूस आणि विज्ञान दुर्वर्तनाच्या बाजूस अशी ही वाटणी आहे. मालिकेच्या कर्त्यांना विज्ञानविरोध अभिप्रेत होता असे म्हणता येणार नाही. बोधप्रसंगांतून स्वच्छता, आरोग्य व सचोटी यांचा पुरस्कार सातत्याने झालेला आहे. पण कथेची मांडणी स्वतःचे काम करीतच असते. तिच्यातून रूढ झालेल्या संदर्भांत शोध घेणारा, शंका विचारणारा, प्रयोग फसल्यावर पुन्हा प्रयोग करणारा असा एकही माणूस नाही. चमत्कार करणारा रक्षक आहे आणि सत्तापिपासू शास्त्रज्ञ आहे.

चमत्कारावरील विश्वासाची दुसरी बाजूही त्या काळात समोर आली. शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी जीव धोक्यात घातल्याची वृत्ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस वृत्तपत्रांत आली. त्यांच्या खरेपणाविषयी वाद झाला. नायकाची भूमिका करणारे मुकेश खन्ना यांनी पडद्यावरूनच मुलांना आपले अनुकरण न करण्याचे आवाहन केले. वृत्ते किती खरी होती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी कल्पित आणि वास्तव यांतील सीमारेषा मुलांना समजावून देण्याची गरज मालिकेलाच भासली, ही वस्तुस्थिती उरते.

याच्या तुलनेत 'स्टार ट्रेक'चा परिणाम पाहण्याजोगा आहे. १९९२ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन महिला मे जेमिसन यांनी या मालिकेपासून मिळालेल्या प्रेरणेचा उल्लेख वारंवार केला आहे. अवकाशयानातील आपल्या कामाची पाळी त्या मालिकेतील एका ठरावीक वाक्याने सुरू करीत. त्या मालिकेत शास्त्रज्ञ हा सहकारी होता आणि अज्ञात प्रदेश हा कुतूहलाचा विषय होता. संदर्भाबरोबर ती वृत्तीही संक्रमित झाली.

७. मराठी विज्ञानकथा आणि पडद्यावरील उणीव

मराठीत विज्ञानकल्पनेची परंपरा दुबळी आहे काय? मुळीच नाही. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली व पारितोषिकास पात्र ठरली. हे नाव डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलट करून घेतले होते. वलयांकित नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये ही त्यामागील दृष्टी होती. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे आदी लेखकांनी ही परंपरा समृद्ध केली. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना देण्यात आले. विज्ञानकथा साहित्याच्या मुख्य प्रवाहात स्थिरावल्याची ती पावती होती. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

या लेखनातील शास्त्रज्ञ विचारी, चुका करणारे, प्रांजळ आहेत. तरीही मराठी माणूस वीज गेल्यावर, चूक झाल्यावर, गुपित फुटल्यावर या कथांतील वाक्य उच्चारत नाही. कारण वर सांगितलेल्या दुसऱ्या अटीत आहे. पुस्तक प्रत्येकजण एकटा, आपापल्या वेळी वाचतो. पडद्यावरील कथा सारे गाव एका वेळी पाहते. मराठी विज्ञानकथेला घराघरांत पोहोचणारी दीर्घ, लोकप्रिय मालिका लाभली असती, तर नित्याच्या बोलण्यात वेगळ्या प्रतीचे संदर्भ आले असते. ग्रंथालयात जी परंपरा सशक्त आहे, तिला अंगणात यायला वाट मिळाली नाही.

ही वाट मिळाल्यास काय घडते, याचे प्रत्यंतर २३ ऑगस्ट २०२३ रोजी आले. 'चांद्रयान-३' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले तो क्षण शाळांतून, घरांतून, दुकानांतून लोकांनी एकत्र पाहिला. त्यानंतर महिन्याभराच्या आत, १९ सप्टेंबर रोजी, गणेशचतुर्थी आली आणि राज्यात अनेक ठिकाणी गणपतीच्या आराशीत चंद्राचा खडबडीत पृष्ठभाग, 'विक्रम' व 'प्रज्ञान' दिसू लागले. कोकणी माणसाच्या भावविश्वात गणपतीच्या मखराहून अधिक आतली जागा नाही. विज्ञानातील एक प्रत्यक्ष घटना त्या जागेपर्यंत पोहोचली, कारण ती समाजाने एका वेळी, एकत्र अनुभवली होती.

८. अध्यापनातील उपयोग

२००५ नंतर जन्मलेले विद्यार्थी आता महाविद्यालयात आहेत. त्यांनी मालिका तिच्या मूळ काळात पाहिलेली नाही. तिचे संदर्भ त्यांच्यापर्यंत भ्रमणध्वनीवरील विनोदी चित्रांतून पोहोचले आहेत. अध्यापक मात्र बहुधा मालिका पाहिलेल्या पिढीतील असतात. एकच वाक्य दोघेही उच्चारतात. एकाच्या मनात रविवारची दुपार असते, दुसऱ्याच्या मनात केवळ एक विनोद. या अंतराचा उपयोग वर्गात करून घेता येईल.

भाषेच्या वर्गात अशा वाक्यांवरून वाच्यार्थ, लक्ष्यार्थ व व्यंग्यार्थ यांतील भेद स्पष्ट करता येतो. 'कुंभकर्णी झोप' व 'सॉरी शक्तिमान' यांच्या घडणीतील साम्य दाखवता येते. समाजशास्त्राच्या वर्गात घरातील तीन पिढ्यांना आठवणारी पडद्यावरील वाक्ये विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेता येतील. विज्ञानाच्या वर्गात अधिक थेट प्रश्न विचारता येतो : स्वतःभोवती गरगर फिरून उड्डाण करणाऱ्या नायकाला उचलणारे बल कोणते? गतीच्या नियमांची उजळणी यापेक्षा रंजक रीतीने क्वचितच होईल. मुख्य म्हणजे, कल्पिताचा आनंद घेणे आणि कल्पिताला सत्य मानणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे उपदेशाविना विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

९. निष्कर्ष

१) मालिकेचे संदर्भ टिकण्यास पुनरावृत्ती, सामूहिक अनुभव आणि व्यवहारातील रिकामी जागा या तीन गोष्टी आवश्यक असतात, निव्वळ लोकप्रियता पुरेशी नसते.

२) 'शक्तिमान'मधील वाक्ये मराठी बोलण्यात हिंदी रूपातच राहिली, तर नाव मराठी शब्दासारखे सामावले. उद्धरण व शब्दस्वीकार या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत.

३) संदर्भाचा अर्थ स्थानिक अनुभवाने भरला जातो. विजेच्या टंचाईने 'अंधेरा कायम रहे' या वाक्याला जो अर्थ दिला, तो मूळ संहितेत नव्हता.

४) या संदर्भांतून विज्ञानापेक्षा चमत्काराची व सदाचाराची स्मृती अधिक जपली गेली. सदाचाराची स्मृती मोलाची आहे. विज्ञानाची जागा मात्र रिकामी राहिली.

५) मराठी विज्ञानकथेत ती जागा भरण्याचे सामर्थ्य आहे. ते लोकव्यवहारात उतरण्यासाठी पडदा, रंगमंच व वर्ग यांसारख्या सामूहिक अनुभवाच्या जागांची गरज आहे.

यांपैकी पडदा अध्यापकांच्या हाती नाही. वर्ग मात्र आहे. साठ-सत्तर विद्यार्थी एका वेळी, एका ठिकाणी, एकच गोष्ट ऐकत आहेत, अशी जागा आजच्या काळात तेवढीच उरली आहे. तेथे एखादी चांगली मराठी विज्ञानकथा मोठ्याने वाचली गेली, तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर एखादा विद्यार्थी "अंधेरा कायम रहे" म्हणून हसेल आणि मग ती का गेली याची चौकशीही करील.